अवसेची रात्र, छोटं रण

[दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. रात्रीचे नऊ. अगाशीवरून दिसणारं आकाश, तारांवर लटकलेले पतंग.]

उत्तरायण होऊन गेलं, तरी तारांवरचे पतंग अजून उतरलेले नाहीत. ही आमच्या दांडिया बाजारातल्या घराची अगाशी. आत्या इथेच लहानाची मोठी झाली. होळी झाली की अंथरुणं वर यायची आणि तिचे आजोबा दक्षिणेकडे बोट करायचे. शेजारच्या कौलांच्या जरा वर, तो बघ अगस्ती. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले आणि परतलेच नाहीत, ते ऋषी. त्या कौलांच्या जागी आता सहा मजले उभे आहेत. मान वर करून मी तारे मोजले. सतरा निघाले.

सयाजीबागेतल्या तारांगणात खुर्चीत रेलून अगस्ती बघता येतो. पण आत्याला खरा हवा होता. म्हणून पौष अवसेच्या आदल्या दिवशी थेपले, गुळाच्या पोळ्या, दोन रजया आणि एक चटई गाडीत टाकली आणि निघालो.

[दृश्य: विरमगामनंतरचा रस्ता. हिरवं मागे पडतं, करडं सुरू होतं.]

विरमगामच्या पुढे झाडं बुटकी होत जातात. शेवटी गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, तेवढा उरतो, मग तोही संपतो, आणि समोर कच्छचं छोटं रण. इथे वाळूच्या टेकड्या नाहीत. खारट चिखल वाळून भेगाळलेली, ताटासारखी सपाट जमीन आहे ही. पावसाळ्यात सगळी पाण्याखाली जाते. जे उंचवटे वर राहतात, त्यांना इथले लोक बेटच म्हणतात.

१९७३ पासून हे घुडखर अभयारण्य आहे, ४९५४ चौरस किलोमीटरचं. घुडखर म्हणजे रानगाढव. १९६९ साली ती जेमतेम ३६२ उरली होती. २०२४च्या गणनेत ७६७२ भरली. दुपारी आम्हाला दोन कळप दिसले, आणि मन भरून दिसले. पण आम्ही आलो होतो सूर्य बुडाल्यानंतरच्या रणासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. अभयारण्याचा परवाना दिवसाचा असतो. अंधार पडायच्या आत बाहेर यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. रात्र तिथल्या जनावरांची. आपण कडेच्या गावालगत, हद्दीबाहेर, मोकळ्या जागी बसायचं. गाडी एकदा लावली की हलवायची नाही. काळोखात रणात गाडी घातली तर वाट चुकतेच, शिवाय वरच्या सुक्या पापुद्र्याखाली ओला गाळ असतो आणि चाक रुततं. पायात बंद बूट हवेत, कारण अशा कोरड्या मुलखात फुरसं रात्रीच बाहेर पडतं.

[दृश्य: सूर्यास्त. क्षितिजालगत क्रौंचांची रांग.]

साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडाला. क्रौंचांचे थवे ओरडत उथळ पाण्याकडे निघाले. ते रात्र पाण्यात उभं राहून काढतात. कोल्हा आलाच तर पाणी आधी वाजतं. तासाभरात थंडी अंगाला लागली. हवा कोरडी, वर ढगाचं पांघरूण नाही, त्यामुळे दिवसभराची ऊब जमीन भराभर आकाशाला देऊन टाकते. आत्यानं दोन्ही रजया ओढून घेतल्या.

पश्चिमेला तिन्हीसांज विझली, तरी एक फिकट उजेड मागे राहिला, खाली रुंद आणि वर निमुळता. मला वाटलं, एखाद्या गावाचे दिवे असतील. पण गावाचा उजेड क्षितिजाला चिकटून बसतो, हा उंच चढलेला होता. हा राशिप्रकाश. ग्रह ज्या पातळीत फिरतात, त्याच पातळीत धुळीचे बारीक कण पसरलेले आहेत आणि त्यांच्यावर सूर्याचा उजेड पडतो. चाळीस वर्षं बडोद्यात राहून मी तो कधी पाहिला नव्हता.

[दृश्य: पडदा पूर्ण काळा. दहा सेकंद फक्त आवाज.]

पडदा मुद्दाम काळा ठेवला आहे. ऐका. लांबवर एक डिझेल पंप चालू आहे. दिवसा तो आम्हाला ऐकूही आला नव्हता. रात्री जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची त्यामानाने ऊबदार, म्हणून आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो आणि दूरवर पोचतो. असे पंप आता कमी होत चाललेत. रणात मीठ पिकवणाऱ्या पुष्कळ अगरियांकडे सौर पंप आले आहेत, आणि ते सूर्याबरोबरच गप्प होतात. रणाच्या रात्रीला शांतता परत मिळाली ती अशी, याचा मला फार आनंद आहे.

डोळ्यांना मात्र वेळ द्यावा लागतो. बाहुली लगेच मोठी होते, पण आतल्या दंडपेशींमधलं, म्हणजे अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं, ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य पुन्हा भरून यायला वीस ते तीस मिनिटं जातात. एकदा मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आम्ही टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरानं बांधला होता. दंडपेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही.

पहिली पाच मिनिटं आत्या कुरकुरत होती. "अगं, घरच्यासारखंच दिसतंय की." मग ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं नुसतं म्हणाली, "अगं बाई."

[दृश्य: तारांकित आकाश, पूर्व ते पश्चिम.]

मृग नक्षत्र, त्याच्या पोटातला बाण, खाली व्याध, वर लालसर रोहिणी. कृत्तिका आत्याला पाच दिसल्या, मला सहा. वायव्येला देवयानी दीर्घिका शोधायला मात्र युक्ती लागते. थेट बघितलं की ती नाहीशी होते. नजर किंचित बाजूला ठेवली की धुराचा पुंजका दिसतो. डोळ्याच्या मधोमध दंडपेशी नसतात, कडेला असतात. तो पुंजका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे.

आणि अगस्ती. दहाच्या सुमाराला दक्षिणेला तो अगदी स्वच्छ उभा होता. हात ताठ पुढे धरला की आपली मूठ साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून अगस्ती एक मूठ आणि वर दोन बोटं. उत्तरेला ध्रुव दोन मुठी आणि वर दोन बोटं, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच त्या ठिकाणाचे अक्षांश. खरं तर बडोद्यातून अगस्ती इथल्यापेक्षा अंशभर वरच असतो. तो आमच्या अगाशीवर दर हिवाळ्यात येत होता. सहा मजले आणि रस्त्यावरचे दिवे मध्ये होते, एवढंच.

तो सुमारे ३१० प्रकाशवर्षं लांब आहे. पिलाजीराव गायकवाडांनी १७२१ साली गुजरातेत पाय रोवले, त्या काळाच्या आसपास तिथून निघालेला उजेड आत्याच्या डोळ्यांत पोचला होता. हे तिला सांगितलं, तर तिनं पदरानं चष्मा पुसला आणि परत बघत राहिली.

[दृश्य: लाल उजेडात मिठाचा आगर. जवळून: चौकोनी स्फटिक.]

जवळच एका अगरिया कुटुंबाचं झोपडं होतं. दिवाळीच्या आसपास ही माणसं येतात, विहीर खणून समुद्राहून कितीतरी खारट पाणी उपसतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत मीठ पिकवतात. बा आणि तिची सात-आठ वर्षांची नात चहाची किटली घेऊन आल्या. बशीतला चहा दिसत नव्हता, वाफ तेवढी हाताला लागत होती. नातीनं झोपड्यामागच्या दगडाजवळ नेलं. मी अतिनील टॉर्च लावली, आणि फटीत एक विंचू हिरवानिळा चमकला, नांगीपर्यंत. विंचवाच्या कवचातच ती चमक असते. दहा सेकंद चित्रण केलं, टॉर्च बंद केली आणि दगड होता तसा राहू दिला.

बा मृगाकडे बघून म्हणाली, "हरण्युं माथे आव्युं." आम्ही मृग म्हणतो, ते हरण्युं म्हणतात, दोन्हीकडे हरीणच. रात्र किती झाली, हे तिला त्यावरूनच कळतं. मग आमच्या चटईकडे पाहून तिनं विचारलं, "वडोदरामां नथी देखातुं?"

"ना," आत्या म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

नात मघापासून आत्याची मूठ बघत होती. तिनं आपला छोटा हात उत्तरेकडे ताठ केला, मुठीवर मूठ रचली, वर दोन बोटं ठेवली. मला वाटलं, लहान मूठ आहे, जास्त लागतील. पण हात आखूड तशी मूठही लहान. तिच्याही दोन मुठी आणि दोन बोटंच भरली. वर ध्रुव.

"बराबर?" तिनं विचारलं.

"बराबर," आत्या म्हणाली, आणि तिला दक्षिणेकडे वळवलं.