पावतीवरची तारीख

(दृश्य: कोल्हापूरचं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. सकाळची वेळ. चंदगड, गारगोटी, गगनबावड्याच्या गाड्या फलाटाला लागताहेत.)

प्रवेशाच्या याद्या लागायला लागल्या की सीबीएसवर उतरणाऱ्या माणसांच्या हातात एक ठरावीक फाईल दिसते. पारदर्शक, बटणाची. आत गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पासपोर्ट फोटो आणि आधारच्या चार-पाच झेरॉक्स. फाईल मुलीच्या हातात. पैसे वडिलांकडे, बंडीच्या आतल्या खिशात. आता युपीआय आलं, डीडी काढायला बँकेत रांग लावायची वेळ फारशी येत नाही. तरी गावाकडून येणारा माणूस थोडी रोकड जवळ ठेवतोच. फी ऑनलाईन भरली तरी कुठल्या ना कुठल्या टेबलावर ‘एवढे रोख द्या’ निघतंच, हे त्याला ठाऊक असतं.

आपली गोष्ट या पैशांची. ते कधी भरायचे, कोणी भरायचे, आणि प्रवेश रद्द केला तर त्यातले किती परत येतात.

(दृश्य: गावातली दूध संस्था. कॅन, फॅट मोजायचं यंत्र, भिंतीवर बिलाची तारीख.)

कोल्हापूर जिल्ह्यात घरात पैसा येतो तो दोन वाटांनी. एक दुधाची. गोकुळच्या संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी होतं, पण ते किराणा, पेंड आणि औषधपाण्यातच जिरतं. मोठी रक्कम उसाची. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत आटोपतो. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या रास्त दराने, पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात तुकडे पडतात, आंदोलनं होतात, हे जयसिंगपूर-शिरोळच्या बाजूला कोणाला सांगायला नको. आणि आलेल्या बिलातून आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं.

कॉलेजची फी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमकी खत, पेरणी आणि भांगलणीच्या दिवसांत. घरात रुपया नसतो तेव्हा. मग पतसंस्था, सोनेतारण, पाहुण्यांकडून हातउसने. फी परवडत नाही असं आपण म्हणतो तेव्हा अनेक घरांत खरी अडचण आकड्यापेक्षा महिन्याची असते.

(दृश्य: एका महाविद्यालयाची फी खिडकी. समोर रांग.)

“मामा, आज किती भरताय?”

“निम्मे घ्या की सायेब. उरलेले दिवाळीला देतो, बिल आल्यावर.”

“लेखी अर्ज द्या. हप्ते पाडून देऊ. प्राचार्यांची सही आणा तेवढी.”

हे संभाषण कोल्हापुरातल्या बहुतेक कॉलेजांत रोज ऐकू येतं. त्यातला महत्त्वाचा शब्द ‘लेखी’. कारकुनाने तोंडी दिलेली सवलत पुढच्या सत्रात नवा कारकून आला की संपते. हप्त्यांच्या अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन त्याची झेरॉक्स फाईलमध्ये टाकली, तर परीक्षेच्या अर्जावेळी हॉलतिकीट अडलं तरी हातात काहीतरी असतं.

(दृश्य: फी पावती जवळून. बोट एकेका ओळीवरून सरकतं.)

ही पावती नीट वाचूया. वर शिक्षण शुल्क, तो सगळ्यात मोठा आकडा. खाली विकास शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र. मग विद्यापीठाकडे जाणारे आकडे, म्हणजे पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, अनामत.

सगळा गोंधळ या ओळी न वाचल्यामुळे होतो. “मुलींना फी माफ झाली ना? मग हे कशाचे पैसे?” हा प्रश्न २०२४ पासून प्रत्येक खिडकीवर येतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. निर्णय मोठा आहे, त्यात वाद नाही. पण माफी दोनच ओळींची. जिमखाना, विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस यांचे पैसे द्यावेच लागतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर तीही माफी नाही. सरकारी घोषणेत ‘मोफत शिक्षण’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यामुळे बापाला खिडकीवर आल्यावर फसवल्यासारखं वाटतं. कारकून बिचारा दिवसभर तेच तेच समजावतो.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख, आणि भरपाई निम्म्या शुल्काची. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या जाती आणि इतर मागास प्रवर्गाच्या योजना वेगळ्या आणि त्यांचे नियमही वेगळे.

(दृश्य: दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा, मागे बोर्डिंगच्या इमारती.)

शाहूंचं नाव या योजनेला दिलं ते उगाच नाही. दसरा चौकात उभं राहून चहूकडे बघितलं की बोर्डिंगच दिसतात. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातला पोरगा शिकायला शहरात आला तर त्याच्या राहण्याजेवण्याचं काय, हा प्रश्न संस्थानाने स्वतःचा मानला. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. म्हणजे शिकवायला पैसे घ्यायचे नाहीत, न शिकवण्याचे घ्यायचे.

(दृश्य: सायबर कॅफे. संगणकावर महाडीबीटीचं पान.)

आता शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर. विद्यार्थी अर्ज भरतो, कॉलेजचा कारकून तपासतो, प्राचार्य पुढे पाठवतात, मग जिल्हा किंवा विभागीय कार्यालय मंजूर करतं. कुठेही त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि त्याचा मेसेज त्या मोबाईलवर येतो जो नंबर आता बंद आहे. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे म्हणून चालत नाही, ते डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, जोडलेलं लागतं. दोन खाती असली तर पैसे भलत्याच खात्यात पडतात, आणि ते खातं गावच्या शाखेत आईच्या नावावर संयुक्त निघतं. अशा गोष्टींनी वर्षं वाया गेलेली माणसं प्रत्येक कॉलेजात भेटतील.

आणखी एक बदल पुष्कळांना माहीतच नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो आला की सात दिवसांत कॉलेजचं शुल्क भरायचं, ही जबाबदारी विद्यार्थ्याची. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली म्हणून घरच्यांनी ती विहिरीच्या मोटारीला वापरली, आणि पुढच्या वर्षी कॉलेजने थकबाकी दाखवून दाखला अडवला, असे प्रसंग होतात. रक्कम विद्यार्थ्याची वाटली तरी ती फीची असते.

दुसऱ्या बाजूनेही चुका होतात. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी ते शुल्क मागू नये, अशा सरकारच्या सूचना असताना काही ठिकाणी “आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देतो” असं सांगितलं जातं. परत मिळायला कधी वर्ष जातं. मला विचाराल तर ही गरिबाकडून घेतलेली बिनव्याजी उसनवारी आहे. तीसुद्धा त्याने पतसंस्थेतून व्याजाने काढून दिलेली.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी किती असावी, हे २०१५ च्या कायद्याप्रमाणे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा संकेतस्थळावर असतो. पावतीवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघायला दहा मिनिटं लागतात. पावतीशिवाय मागितलेल्या पैशाला, त्याला देणगी म्हणा नाहीतर इमारत निधी, १९८७ पासून महाराष्ट्रात कायद्याने बंदी आहे.

(दृश्य: सायबर चौकातली संध्याकाळ. मुलामुलींची गर्दी.)

आता परताव्याकडे. बीएस्सीला प्रवेश घेतला, महिन्याने फार्मसीत नंबर लागला. किंवा इथं भरली फी आणि पुण्याला जागा मिळाली. कोल्हापुरात हे दरवर्षी हजारोंनी घडत असणार. भरलेले पैसे बुडाले असंच लोक धरून चालतात. कॉलेजंही कधीकधी तसंच सांगतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत हिशोब सरळ आहे, फक्त तो एका तारखेभोवती फिरतो. ती तारीख म्हणजे कॉलेजने जाहीर केलेली प्रवेशाची शेवटची तारीख. तुम्ही फी कधी भरली याला इथं महत्त्व नाही.

समजा फी ६० हजार आणि शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. १४ ऑगस्टला लेखी अर्ज दिला तर पंधरा दिवसांहून जास्त बाकी आहेत. पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, म्हणजे ३ हजार कापता येतात. फी कितीही मोठी असली तरी ही कपात ५ हजारांवर जात नाही. अर्ज २५ ऑगस्टला दिला तर ९० टक्के, ५४ हजार. १० सप्टेंबरला दिला तर ८० टक्के, ४८ हजार. २५ सप्टेंबरला निम्मे, ३० हजार. ५ ऑक्टोबरला गेलात तर तीस दिवस उलटलेले, परतावा शून्य. अनामत या हिशोबात धरलेली नाही, ती कधीही रद्द केलं तरी तुमचीच. आणि अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे.

गणेशोत्सवाच्या गडबडीत ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणणाऱ्या घराला तो एक आठवडा अठरा हजारांना पडू शकतो.

आयोगाने काही वर्षी याहून सैल सवलत दिली. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी, ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी परत, असं परिपत्रक होतं. त्यामुळे आपल्या वर्षाचं परिपत्रक बघितल्याशिवाय खिडकीवर भांडायला जाऊ नये. राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून झालेल्या प्रवेशांना त्या कक्षाच्या माहितीपुस्तिकेतला नियम लागतो. तिथं दिलेल्या कट-ऑफ तारखेच्या आत ऑनलाईन रद्द करून सही केलेली प्रत कॉलेजला द्यायची. तारीख हुकली की हातात फक्त अनामत.

फोनवर “नाही येणार म्हणून सांगितलंय” याला काही किंमत नाही. वर्गशिक्षकांना व्हॉट्सअॅप केला तरी नाही. अर्ज लेखी, पोहोच शिक्क्यासह. कर्ज काढून फी भरली असेल तर परतावा बँकेच्या कर्जखात्यात जातो, तो घरी येणार नाही, हेही आधीच समजून घ्यावं.

काही ठिकाणी मूळ कागदपत्रं ठेवून घेतात. “दुसऱ्या कॉलेजला जायचंय? मग उरलेल्या वर्षांची फी भरा आणि दाखले न्या.” हे चालत नाही. मूळ प्रमाणपत्रं समोर तपासून तिथल्या तिथं परत द्यायची आणि साक्षांकित प्रती ठेवायच्या, असं आयोगाने सांगितलं आहे. पूर्ण अभ्यासक्रमाची फी आगाऊ घेण्यालाही मनाई आहे. घ्यायची तर सत्राची किंवा वर्षाची.

(दृश्य: विद्यापीठाचा परिसर, मुख्य इमारत, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा.)

१८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं ते पुण्या-मुंबईची फी, खोलीभाडं आणि खाणावळ न झेपणाऱ्या मुलांना जवळचा आधार म्हणून. ‘कमवा आणि शिका’मधली मुलं आजही इथं काम करून शिकतात. तक्रारीचा रस्ताही आहे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निकाल पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि तिथं तीस दिवसांत निर्णय अपेक्षित. ही नावं-पत्ते कॉलेजच्या संकेतस्थळावर असायला हवेत. किती जण ते उघडून बघतात हा भाग वेगळा.

(दृश्य: ग्रंथालयाचं काउंटर. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी नो-ड्यूजच्या, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या, कागदावर सह्या घेताहेत.)

आणि ती तळाची ओळ. अनामत. तीन-चार वर्षांपूर्वी भरलेली, ग्रंथालयाची, प्रयोगशाळेची, वसतिगृहाची. शेवटची परीक्षा झाली की मुलं खोली रिकामी करून एसटीत बसतात, दाखला नंतर मित्राकडून मागवतात, आणि या रकमेकडे कोणी वळून बघत नाही. नो-ड्यूजवर ग्रंथपालांची सही झाली की त्याच टेबलावर अनामत परतीचा अर्ज मागायचा. सोबत प्रवेशाच्या वर्षाची पावती आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. मूळ पावती हरवली असेल तर लेखा विभागातून दुसरी प्रत काढून घ्यायची. त्याचेही वीस-पन्नास रुपये लागतील, त्यांचीही पावती घ्या.