तीर्थातलं दूध

श्रोतेहो, नमस्कार. गणपती तोंडावर आलेत, घराघरांत माटवीची तयारी चालली असेल. आणि दरवर्षी याच दिवसांत माझ्याकडे आया येतात त्या मुलांच्या अंगावर पुन्हा उठलेलं इसब घेऊन. म्हणून आज बोलणार आहे इसब असलेल्या आणि दुधाची ॲलर्जी निघालेल्या लहान मुलांच्या आहाराविषयी.

आधी एक सांगते. प्रत्येक इसब दुधामुळे होत नाही. दूध बंद करायचं की नाही ते डॉक्टरांनी ठरवायचं. ते दोन ते चार आठवडे दूध थांबवून बघतात, मग पुन्हा देऊन बघतात. शेजारणीने सांगितलं म्हणून बंद करू नका. आणि ॲलर्जी नक्की झालीच, तर शेळीचं दूध, म्हशीचं दूध, गावठी गाईचं दूध, यातलं काहीही चालत नाही. बाळाचं शरीर बिथरतं ते दुधातल्या प्रथिनांना, आणि ती प्रथिनं या सगळ्या दुधांत जवळपास सारखीच असतात.

आता मालवणकडच्या एका घरातली गोष्ट. मी जिथे जाते तिथे ही सांगते. दीड वर्षाचा मुलगा, गाल लालभडक, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणी खाजवून खाजवून ओल्या झालेल्या. डॉक्टरांनी दूध बंद केलं, अंगाला लावायला मलम दिलं आणि श्रावणात पोर छान झालं. रात्री झोपायला लागलं. मग गणपती आले, आणि तिसऱ्या दिवशी सगळं होतं तिथे परत. आई वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत सकाळची पेज, दुपारचा भात, कुळथाची पिठी, सगळं लिहिलेलं. दुधाचा थेंब नाही. पेढासुद्धा नाही. खिरापत दिली होती, पण त्यात खोबरं, खारीक, खसखस, साखर, दूध नाहीच.

सोबत आजी आली होती. मी विचारलं, "आजी, दूध कुठे गेलं का पोटात?" आजी रागावलीच. म्हणाली, "गो बाय, दूध खंय दिलंव? ता तर देवाचा तीर्थ!"

पंचामृत! वाडीत आरत्या घरोघर फिरतात. आजी नातवाला कडेवर घेऊन प्रत्येक घरी जायची, प्रत्येक घरी पळीभर तीर्थ त्याच्या हातावर पडायचं. तो ते चाटायचा, आणि ओला हात आजी आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावरून, गालावरून फिरवायची. त्याच फुटलेल्या गालावरून. म्हणजे दूध पोटात जात होतं आणि कातडीवरही लागत होतं. आईच्या लक्षात आलं नाही, कारण इसब लगेच उठत नाही. आज संध्याकाळी पोटात गेलेलं उद्या, कधी परवाही अंगावर दिसतं.

त्या आजीला मी तीर्थ बंद करा असं सांगितलं नाही. तिने स्वतःच मार्ग काढला. शहाळ्याच्या पाण्यात तुळशीचं पान टाकून वेगळी वाटी देवापुढे ठेवली. ते त्याचं तीर्थ. पुढच्या आरतीला कुणी पळी पुढे केली की आजीच आडवी यायची: "ह्येका नको गे, ह्येचा तीर्थ येगळा." सुनेने सांगितलं असतं तर चार घरांत बोलणी बसली असती. आजीने सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. माझं ठाम मत आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बाजूला ठेवून पथ्य पाळता येत नाही. त्यांना नीट समजावून सांगा, त्या तुमच्यापेक्षा कडक पहारा ठेवतात.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा सांगते. दूध म्हणजे फक्त पेल्यातलं दूध नव्हे. ताक, दही, तूप, पंचामृत, आंघोळीच्या पिठात कालवलेली साय, चहात बुडवून दिलेलं बिस्किट, बेकरीचा टोस्ट. पाकिटावर दूध भुकटी, व्हे, केसीन (ही दुधातलीच प्रथिनं) छापलंय का बघा. ज्यावर काहीच छापलेलं नाही ते देऊ नका.

मग द्यायचं काय? एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. सगळं अंगी लागत नाही, म्हणून जोडीला काय द्यायचं, वेगळं औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. नाचणीचं सत्त्व गूळ आणि नारळाचा रस घालून शिजवा, आंबील ताकाशिवाय करा. नाचणीचं नाव निघालं की मला वाईट वाटतं. आपल्या वरकस जमिनीवर नाचणी पिकायची, आता तिथे काजू उभे आहेत, आणि आपण पोरांसाठी महागडे डबे आणतो. असो. नारळाचा रस चवीला आहे, दुधाची जागा तो घेत नाही. त्यात कॅल्शियमही कमी, प्रथिनंही कमी. प्रथिनांसाठी डाळ, कुळीथ, आणि मासे सोसत असतील तर काटे नीट काढलेली तारली.

कोमट पाण्याची थोडकी आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मलम, हे पथ्याबरोबर रोज चालू ठेवायचं. बरीच मुलं शाळेत जाईपर्यंत यातून बाहेर येतात, पण दूध पुन्हा सुरू करणं डॉक्टरांसमोरच. फार दिवस बंद असलेलं दूध घरी आपणहून देऊन बघू नका. आणि दूध पोटात गेल्यावर ओठ सुजले, श्वास घरघरला किंवा पोर एकदम मलूल पडलं, तर मलम शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.