तंबोऱ्याचं गिऱ्हाईक कुठून येतं?

मंडळी, मला विषय दिलाय संस्कृती, रोजगार आणि आर्थिक वाढ. एवढ्या मोठ्या विषयावर बोलणारा माणूस आकड्यांचा पाऊस पाडतो. मी दोनच आकडे आणलेत. युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय, जगाच्या एकूण उत्पन्नात सांस्कृतिक आणि सर्जनशील क्षेत्राचा वाटा ३.१ टक्के आणि एकूण रोजगारात ६.२ टक्के. दोन्ही आकडे भाषणांत कौतुकानं सांगितले जातात. पण ते जरा शेजारी-शेजारी ठेवून बघा. शंभरातली सहा माणसं राबतायत आणि शंभर रुपयांतले तीनच त्यांच्या खात्यावर जमा होतायत. हिशेब ढोबळ आहे, मान्य. पण काम भरपूर आणि मोल निम्मं, ही गोष्ट त्यातून लपत नाही.

हे असं का होतं, ते मी मिरजेच्या तंबोऱ्यावरून सांगणार आहे.

मिरजेत दर्ग्याच्या आसपासच्या गल्ल्यांत हिंडलात की सतारमेकर आडनावाच्या पाट्या दिसतात. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस सरले तशी या लोकांवर पोट भरायला दुसरं काही शोधायची वेळ आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांत हात घातला. संस्थान पटवर्धनांचं, गाण्याचे शौकीन राजे, गवयांची ये-जा. हाताशी कसब होतं आणि दारात गिऱ्हाईक होतं. सरकारी भाषेत याला 'कौशल्यविकास' म्हणतील. त्या वेळी ती निव्वळ पोटाची सोय होती.

आता एका तंबोऱ्यामागं किती हात लागतात बघा. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो कडू, खायच्या कामाचा नाही, त्यामुळं शेतकऱ्याला मंडईचा दरवाजा बंद. वाद्यवाला घेईल तोच त्याचा भाव. महिनोन्‌महिने वाळवल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. मग तुणीचं लाकूड, दांडी पोखरणारा, तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी बसवणारा, खुंट्या करणारा, नक्षी आणि पॉलिशवाला, तारा चढवणारा. मैफलीच्या तिकिटावर यातलं एकाचंही नाव नसतं. नाटकाचे आणि सिनेमाचे रोजगार आपण मोजतो, हे कुठल्या रकान्यात टाकायचे?

पण माझा खरा मुद्दा पुढं आहे. राजे-रजवाड्यांच्या गिऱ्हाइकीवर असे किती तंबोरे खपणार? दहा-वीस दरबार, त्यांत मोजके गवई. हा धंदा वाढला तो मिरजेपासून शेकडो मैल लांब घडलेल्या एका गोष्टीमुळं. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आश्रयदात्याच्या मर्जीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर. चांगल्या घरच्या मुलामुलींनी गाणं शिकावं, हे त्यांनी समाजाच्या गळी उतरवलं. पलुस्कर १९३१ साली गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद करत परीक्षांचं जाळं गावोगाव गेलं. आणि जिथं गाण्याचा क्लास, तिथं कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा आलाच! मिरजेच्या कारखानदारीला अनुदान कुणी दिलं, असं मला विचाराल तर मी म्हणेन, क्लासची फी भरणाऱ्या आईबापांनी.

(मागून कुणी तरी विचारतंय, "आता तर मोबाईलवर तंबोरा मिळतो!" तिकडंच येतोय.)

१९७९ साली बंगळुरूत जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा, म्हणजे तंबोऱ्याचा सूर देणारी छोटी पेटी, तयार केला. ते स्वतः बासरी वाजवणारे आणि पेशानं अभियंता, त्यामुळं त्यांना गायकाची अडचण नेमकी माहीत होती. त्या पेटीवर मी राग धरत नाही. प्रवासात, भाड्याच्या खोलीत, पहाटेच्या रियाजाला तिनं अनेकांना आधार दिला. पण शिकणाऱ्याचा पहिला तंबोरा पेटीतून येऊ लागला, पुढं फोनमधून, आणि मिरजेच्या हातातला खालच्या पायरीचा गिऱ्हाईक निसटला.

दुसरी अडचण जास्त चिवट. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली ती मांडली. कापडाच्या गिरणीत यंत्र आलं की माणशी उत्पादन वाढतं आणि पगारही वाढवता येतो. चार वादकांच्या रचनेला मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. पण त्या वादकांनाही पोट बाजारभावानंच भरायचं असतं.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जवारी लावताना, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालच्या घोडीचा माथा घासून जुळवताना, एकदा बघावं. मुलीचा तंबोरा घेऊन मी एका कारागिरापाशी बसलो होतो. त्यांनी तारा सैल केल्या, घोडीचा माथा कानशीनं दोन-चार वेळा हलकेच घासला, फुंकर मारली, तारा चढवल्या, छेडल्या. नाही. पुन्हा सैल. पुन्हा दोन हात. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एकदम आवाज उमलला. इतका वेळ नुसती तार वाजत होती, आता अख्खी खोली वाजायला लागली. हे काम निम्म्या वेळात करा म्हणून कुणाला सांगणार? त्यांनी जे पैसे सांगितले ते आमच्या फ्रिजवाल्याच्या नुसत्या घरी येण्याच्या फीपेक्षा कमी होते. आणि मी, अर्थशास्त्र शिकवलेला माणूस, तरी सवयीनं घासाघीस करणार होतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. त्यानं नाव राखलं जाईल, दुसरीकडचा माल मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. पण मानांकन गिऱ्हाईक जन्माला घालत नाही. ते काम पलुस्करांनी केलं होतं आणि वर्गात केलं होतं.

म्हणून माझी मागणी अगदी किरकोळ आहे. महोत्सवाच्या मांडवावर आणि रोषणाईवर जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग काढून संगीत शिकवणाऱ्या प्रत्येक शाळा-कॉलेजानं एक खराखुरा तंबोरा घ्यावा, आणि वर्षातून दोनदा जवारीला कारागीर बोलवण्याची तरतूद बजेटमध्ये कायमची ठेवावी. कारागिराला बांधलेलं काम मिळेल आणि पोरांना जवारी लागताना बघायला मिळेल. त्या दिवशी मी जास्तीचे पैसे पुढं केले, तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "मुलीला रोज लावायला सांगा, साहेब. पडून राहिला की बिघडतो."