मांजर पाणी खातं

मघाशी आत येताना एका ताईंनी गाठलं. म्हणाल्या, "डॉक्टर, आमची मनी दिवसभरात जेमतेम चार थेंब पाणी पिते." मी विचारलं, "खाते काय?" ताई जरा खट्टू झाल्या, विचारलं पाण्याचं आणि हा बाबा खाण्याचं विचारतोय! पण उत्तर तिथंच आहे.

आपलं मांजर मूळचं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रखरखीत मुलखातल्या रानमांजराच्या वंशातलं. तिथं पाणवठे कुठले? उंदीर मात्र होते, आणि उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं. एका शिकारीत भूकही भागायची, तहानही. मूत्रपिंडं त्याच बेताची घडली : लघवी दाट करायची, पाणी राखायचं. तहान लागते, पण उशिरा.

आता हिशोब करू. चार किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातलं धरून. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम ६ ते १० टक्के. म्हणजे ६० ग्रॅम खाल्ले तर पोटात गेलं चार ते सहा मिलिलिटर. बाकीचं सगळं जिभेनं लपलप करून प्यायचं. आणि ती जीभ! २०१० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण करून पाहिलं. मांजर पाणी जिभेच्या पळीनं उपसत नाही. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवून झटकन वर घेतं; मागोमाग पाण्याचा बारीक खांब उठतो आणि तो कोसळायच्या आत ते तोंड मिटतं. सेकंदाला साधारण चार वेळा, आणि दर वेळी मिळतं एक दशांश मिलिलिटर. २०० मिलिलिटरसाठी दोन हजार वेळा जीभ मारायची! कोण करेल?

म्हणून पाणी ताटातच घाला. डबाबंद ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ते रोज परवडत नाही, मान्य. मग दाण्यांवर कोमट पाणी ओता. पण भिजवलेलं खाणं आपल्या उन्हाळ्यात तासा-दोन तासांत उचलून टाका. मासळी किंवा कोंबडी उकडून पाण्यासकट द्या. मीठ नको, आणि कांदा-लसूण तर बिलकूल नको, त्यानं मांजराच्या रक्तपेशी फुटतात. सुकट-बोंबील लाडानं देणाऱ्यांनी त्यातलं मीठही आठवावं.

आणि दूध? मांजर डोळे मिटून दूध पितं, हे आपण इतकं ऐकलंय की बशीच पुढे करतो. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब लागले की आहे तेही पाणी जातं.

पाण्याचं भांडं पसरट ठेवा, खाण्यापासून आणि लिटरपासून, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या ट्रेपासून, लांब. घरात दोन-तीन जागी असू द्या. काहींना नळाची धारच आवडते, त्याला इलाज नाही. पिचकारीनं जबरदस्तीनं पाजू नका, श्वासनलिकेत जातं.

बोका पाळणाऱ्यांनी जरा कान द्या. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद. दाट लघवीत खडे, चिकट गाळ साचला की तो तुंबतो. बोका पुन्हापुन्हा लिटरमध्ये बसतो, कण्हतो, थेंब येत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. एरंडेल पाजून दुसऱ्या दिवशी आणलेला बोका मी पाहिलाय. त्याला वाचवता आलं नाही. असं दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

उलटही ध्यानात ठेवा. कमी पिणारं म्हातारं मांजर एकाएकी वाटीच्या वाटी रिकामी करू लागलं, तर "चला, सुधारलं" म्हणू नका. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड, तिन्हींत असं होतं. सकाळी मोजून पाणी ओता, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, चार-पाच दिवस वहीत लिहा आणि ती वही घेऊन या. शेजारी तेवढंच पाणी घातलेली दुसरी वाटी जाळीखाली ठेवा, आणि तिच्यातलं जेवढं आटेल तेवढं मनीच्या हिशोबातून वजा करा. मे महिन्यात थोडं पाणी हवाच पिऊन टाकते, आणि नाव मनीचं होतं.