दीड-दोन लाखांत कोणती रायफल घ्यावी?

(नवोदित नेमबाज आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून पालक विचारत येतात, ‘तसलीच रायफल कुठं मिळेल?’ त्याचा इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा. त्याला पॉइंट टू-टूची रायफल लागते आणि तिच्यासाठी शस्त्रपरवाना काढावा लागतो. तुमच्या मुलांची सुरुवात व्हायची ती १० मीटर एअर रायफलवर. ४.५ मिलिमीटर बोअरची (नळीच्या छिद्राची), २० ज्यूल ताकदीच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. बिल मात्र जपून ठेवा.

दुकानदार ‘हजार फूट स्पीड’ म्हणून काही दाखवायला लागला तर तिथून निघा. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं जातो, ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास. कागदाला स्वच्छ गोल भोक पडलं की झालं. त्यासाठीच छर्ऱ्याचं तोंड सपाट असतं. आणि दुर्बीण नको. आपल्या मॅचमध्ये ती चालतच नाही, मागे डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची चकती, आणि पुढे नळीच्या टोकाशी रिंग असते.

आता पैशांचं बोलू. तुमच्यापैकी बहुतेकांचं बजेट दीड-दोन लाख. फाइनवर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ, स्टायर या कंपन्यांची वरची मॉडेलं त्यात बसत नाहीत, आणि मग घरात कुरकुर सुरू होते की स्वस्तातली घेतली तर पोरगं मागे पडेल. जरा हिशेब करा. टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि त्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की काम झालं. पाव मिलिमीटर आत सरकलात की पॉइंट एक वाढतो, असं करत १०.९ पर्यंत. शिकंज्यात बसवलेली कोणतीही चांगली मॅच रायफल, मग ती साध्या लाकडी बटाची का असेना, सगळे छर्रे त्या वर्तुळात आरामात टाकते. रायफलीबरोबर बहुधा कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, त्या रायफलीनं तिथं मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचं. ते बघा, मग माझ्यावर विश्वास ठेवा. ६० शॉटना ६२८ मारणाऱ्याला पॉइंट एक-दोनचा फरक जाणवेल. ५८० वर अडकलेल्याचे छर्रे बाहेर जातात ते बॅरलमुळे नाही.

जातात ते बऱ्याचदा मापामुळे. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून कुणी पळत नाही, पण दादाची रायफल धाकट्याच्या खांद्याला लावायला कुणाला काही वाटत नाही. दुकानात एवढं करा. मुलाला मॅचच्या पवित्र्यात उभं करा, डावा कोपर कमरेच्या हाडावर. डोळे मिटून गाल चीकपीसवर, म्हणजे गाल टेकवायच्या पट्टीवर, टेकवू द्या, मग डोळे उघडायला सांगा. डायॉप्टरच्या मधोमध पुढची रिंग दिसली तर ठीक. मान वाकवावी लागली, नाहीतर गाल उचलावा लागला, तर चीकपीस वर-खाली करून बघा. होतच नसेल तर ती रायफल तुमची नाही, कितीही सवलत मिळो. बाराव्या वर्षी घेतलेली रायफल पंधराव्या वर्षी वापरायची असेल तर बटप्लेट (खांद्याला लागणारी मागची पट्टी) मागे किती सरकते, हे आधी मोजा. नियमाप्रमाणे वजन ५.५ किलोपर्यंत चालतं. चालतं म्हणून लहान मुलाच्या हातात द्यायचं नाही. कमी वजनाची घ्या, पुढे वजनं लावता येतात.

दुसरी बघायची गोष्ट ट्रिगर. दोन टप्पे स्वच्छ कळले पाहिजेत: पहिला ओढला, भिंत लागली, मग सुटला. आणि ड्राय फायरची, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून सराव करायची, सोय हवीच. पुण्यातल्या वन-बीएचकेत रेंज कुठली? भिंतीवर काळा ठिपका चिकटवून, छर्रा न घालता रोज अर्धा तास. रायफलीची खरी किंमत तिथं वसूल होते.

उरलेले पैसे जॅकेट आणि छर्ऱ्यांसाठी ठेवा. छर्ऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात, ते छर्ऱ्याच्या डोक्याचं मिलिमीटरमधलं माप. दोन-तीन प्रकार आपल्या बॅरलमधून मारून ग्रुप, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते, बघा, आणि जो जमेल त्याचेच डबे घ्या.

सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही, उलट या बजेटात तोच शहाणपणा असू शकतो. फक्त छर्रा ढकलणारी दाबलेली हवा ज्यात भरतात तो सिलिंडर आधी बघा. त्यावर तारीख कोरलेली असते. कंपनीनं दिलेली मुदत, बहुधा दहा वर्षं, संपली की इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला, तो चालत नाही, आणि नवा सिलिंडर स्वस्त पडत नाही. विकणारा ‘अजून हवा छान धरतो’ म्हणेल. धरत असेल, पण २०० बारची हवा गालाजवळ आहे, हे लक्षात असू द्या. मुंबई-कोकणातून आलेली असेल तर कंप्रेसरला फिल्टर होता का, तेही विचारा. पावसाळ्यातली दमट हवा भरत गेलं की सिलिंडरमध्ये पाणी साचतं.

टेबलावर रायफली ठेवल्यात. हात लावा, गाल टेकवून बघा. नळी मात्र पूर्ण वेळ भिंतीकडे. डावखुऱ्यांनी आधी या, त्यांच्यासाठी एकच आहे.