१९६ विरुद्ध शून्य

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘न्यायाधीशांवरील महाभियोग’ असा विषय छापला आहे. त्यातला ‘महाभियोग’ हा शब्द मला मान्य नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. राज्यघटनेने तो शब्द राष्ट्रपतींसाठी, अनुच्छेद ६१ मध्ये वापरला आहे. न्यायाधीशांच्या बाबतीत अनुच्छेद १२४ फक्त ‘पदावरून दूर करणे’ म्हणतो, आणि तेही सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता या दोनच कारणांवरून. माझा आग्रह आहे तो ‘सिद्ध झालेले’ या शब्दांसाठी. आधी चौकशी, मग निष्कर्ष आणि त्यानंतरच मतदान, हा क्रम त्या शब्दांत बांधलेला आहे.

या विषयाने मला पछाडले ते १२ मे १९९३ च्या सकाळी. मी वकिलीत नवा होतो. उन्हाळी सुट्टी तोंडावर असल्यामुळे बार रूममध्ये आम्ही चौघेच होतो. आमच्या ज्येष्ठ वकिलांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरले, एका कोऱ्या वकालतनाम्याच्या पाठीवर लाल पेन्सिलीने ‘१९६ – ०’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. जमिनीच्या दाव्याची तारीख घ्यायला आलेले एक वयस्कर पक्षकार ते वाकून पाहत होते. त्यांनी विचारले, “साहेब, एकशे शहाण्णव एका बाजूला आणि समोर कुणीच नाही, मग हरलं कोण?” आमच्यापैकी कुणालाही चटकन उत्तर देता आले नाही.

प्रकरण न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचे होते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदीगडच्या निवासस्थानातील फर्निचर आणि गालिचे यांवर त्यांनी सरकारी पैसा वारेमाप खर्च केल्याचे आरोप होते. तोवर ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांच्या सह्या लागतात. इथे लोकसभेच्या १०८ सदस्यांनी सह्या केल्या आणि अध्यक्ष रबी राय यांनी मार्च १९९१ मध्ये तीन जणांची समिती नेमली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे ते तिघे. सावंतांचे नाव घेताना मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटतो, कारण आपल्याच न्यायालयातील सहकाऱ्याची चौकशी करणे हे किती जड काम असेल याची कल्पना वकिलांना तरी करता येते. मध्येच लोकसभा विसर्जित झाली. तरीही प्रस्ताव बाद होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचे नोंदवले.

मे १९९३ मध्ये सोमनाथ चॅटर्जींनी लोकसभेत प्रस्ताव मांडला, आणि कपिल सिब्बल यांनी सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून न्यायमूर्तींची बाजू कित्येक तास मांडली. मतदानात प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ सदस्य सभागृहात असूनही तटस्थ राहिले.

आता त्या पक्षकारांच्या प्रश्नाचे उत्तर. घटनेच्या अटी दोन आहेत. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य प्रस्तावाच्या बाजूने हवेत. ही अट पूर्ण झाली होती. पण सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही हवे. ५४५ च्या लोकसभेत त्यासाठी २७३ मते लागत होती, ती ७७ ने कमी पडली. म्हणजे गप्प बसलेल्या प्रत्येक सदस्याचे मौन विरोधी मताइतकेच वजनदार ठरले, आणि त्याचे कारण देण्याची सक्ती कुणावरही नव्हती.

ही अट शिथिल करा, असे मी म्हणत नाही. सरकारला न रुचणारा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला तिचाच आधार आहे. राज्यघटना लागू झाल्यापासूनच्या पहिल्या ७५ वर्षांत संसदेने एकाही न्यायाधीशाला पदावरून दूर केले नाही, एवढ्यावरून तरतूद निकामी ठरवणेही योग्य नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापर्यंत आली आहे, त्यामुळे ज्यासाठी आपण मला बोलावले त्या सुधारणा आता भरभर सांगतो.

समितीने आरोप सिद्ध मानल्यावर जो सदस्य तटस्थ राहील, त्याने आपले कारण लेखी नोंदवावे. प्रस्ताव स्वीकारायचा की नाही, यासाठी पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती यांना, मुदत असावी. आणि राजीनाम्याने चौकशी थांबू नये. न्यायमूर्ती दिनाकरन यांनी जुलै २०११ मध्ये, चौकशी चालू असतानाच पद सोडले; न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत मंजूर झाला आणि लोकसभेत मतदान होण्यापूर्वी, १ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

न्यायालयाच्या अंतर्गत चौकशीची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्याविषयीच्या १९९५ च्या प्रकरणातून आली. तिच्यातून न्यायाधीशांचे काम काढून घेता येते, राजीनाम्याचा सल्ला देता येतो, पद मात्र काढता येत नाही. तो अधिकार संसदेकडेच आहे, आणि मी सुचवलेल्या बदलांना घटनादुरुस्ती लागत नाही, कारण चौकशीची आणि प्रस्तावाची कार्यपद्धती साध्या कायद्याने ठरवण्याची मुभा अनुच्छेद १२४ च्या पाचव्या खंडानेच संसदेला दिली आहे.