रविवार दुपारची जॅझ-ब्लूज बैठक: छोट्या हॉलात ती कशी बसवायची

नमस्कार मंडळी. गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे इथले छोटे हॉल आणि संगीत मंडळं सांभाळणारे बरेच जण आज आले आहेत, तेव्हा कामाचंच बोलू. साठ-सत्तर खुर्च्यांचा हॉल, चार-पाच वादक, रविवारची दुपार. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. वादकांना एकमेकांचं वाजवणं स्पीकरच्या मदतीशिवाय ऐकू आलं पाहिजे. जॅझमध्ये अर्ध्याहून जास्त भाग जागेवर रचला जातो. शेजाऱ्याचं ऐकू आलं नाही तर रचणार कशावर? खुर्च्या, एसी, माइक, वेळापत्रक हे सगळं त्या एका गोष्टीसाठी करायचं.

मुंबईला हे संगीत परकं नाही. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक बँड घेऊन वाजवत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते घेतलं आणि आपलं केलं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हॉटेलात जॅझ वाजवत आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमाचं कामही करत. पुढे चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत बँड वाजत राहिले. 1978 साली धोबी तलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, भरली, तिथे अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स वाजवून गेले. ब्लूजसाठी 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत मोठा महोत्सव सुरू झाला. महोत्सव हवेतच. पण वादक घडतो तो दर महिन्याच्या छोट्या बैठकीत, जिथे त्याला पन्नास माणसांसमोर चुकता येतं.

दुपारच का, ते सांगतो. चांगले ड्रमर आणि बेसवाले संध्याकाळी हॉटेलात किंवा लग्नाच्या रिसेप्शनला वाजवतात, दुपारी मात्र ते मोकळे असतात. ज्येष्ठ मंडळी आणि मुलं येऊ शकतात. अडचण आहे ती मेगाब्लॉकची. रविवारी मध्य आणि हार्बरवर साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत गाड्यांचे हाल असतात, पश्चिमेवर जम्बो ब्लॉक. तीनला कार्यक्रम ठेवला तर डोंबिवलीचा श्रोता पहिला सेट, म्हणजे मध्यंतरापूर्वीचा भाग, बुडवतो. म्हणून साडेचारला सुरुवात, सव्वासातला शेवट. वादकांना मात्र दीडला बोलवा, आणि ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी ग्रुपवर टाका.

आवाजाचा कायदाही दुपारी सोपा जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा निवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65. खाजगी जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट 100 मीटरच्या आत असेल तर ती जागा सायलेन्स झोन म्हणून जाहीर झालेली असू शकते, ते तपासा. रंगभवन त्याच कारणाने शांत झालं, आणि ते या शहराचं फार मोठं नुकसान आहे. हॉल ठरवण्याआधी खिडक्या बंद करून, आत ड्रम वाजवून, बाहेर गेटवर उभं राहून ऐका.

आता मांडणी. चौघांना किमान बारा फूट बाय दहा फूट जागा लागते, त्यातले सहा बाय सहा एकट्या ड्रमकिटचे. किटखाली जाड सतरंजी किंवा कार्पेट हवंच. नाहीतर बास ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो आणि लादीवरून आवाज उसळतो. प्रेक्षकांकडून पाहताना डावीकडे पियानो, मधे बेस, उजवीकडे ड्रम. उजव्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरची राइड झांज, म्हणजे लय धरणारी मोठी झांज, त्याच्या उजवीकडे असते, म्हणजे अगदी बेसवाल्याच्या कानाशी. बेसची चाल आणि राइडचा ठोका एकावर एक बसले की स्विंग, म्हणजे जॅझचा झोका, तयार होतो. हे दोघं दहा फुटांवर बसवले तर कितीही भारी मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) द्या, लय सैल पडते. बेसचा ॲम्प्लिफायर जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. जमिनीवर, कोपऱ्यात ठेवलेला ॲम्प घुमतो आणि सूर कळत नाही.

साउंडचेकला पहिली पंधरा मिनिटं मिक्सर बंदच ठेवा. एक संथ ब्लूज वाजवायला सांगा. ड्रमरने काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले आणि पियानो ऐकू यायला लागला, तर बॅलन्स तिथेच झाला. मग फक्त गायकाचा माइक उघडा. नंतर गरज वाटली तरच पियानो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वी, म्हणजे स्पीकरची शिट्टी सुरू होण्याआधी, मिळणारा आवाज साधारण 3 डेसिबलने कमी होतो, हे गणित साउंडवाल्याला माहीत असतं, आयोजकालाही असावं. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकला मॉनिटर बरोबर पाठीमागे ठेवायचा, कारण तो मागून सर्वात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याहून अरुंद दिशेचा, असेल तर मॉनिटर मागच्या बाजूला थोडा तिरका. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की ही सगळी दिशा मोडते आणि शिट्टी वाजते. त्याला दांडा धरायला आधीच, प्रेमाने सांगा. रिकाम्या हॉलात आवाज खणखणीत वाटला तर घाबरू नका, माणसं बसली की तिखटपणा कमी होतो.

गिटारच्या ॲम्पमधून घूं असा आवाज येतो तेव्हा बहुधा ॲम्प एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्यावर, अशी दोन अर्थिंगची भानगड असते. सगळं एकाच सर्किटवरच्या बोर्डावर आणा, तरीही राहिलं तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. घामेजलेला हात तारांवर आणि ओठ माइकवर असलेल्या गिटारवादकाच्या जिवावर बेतू शकतं.

एसी दोन तास आधी लावा, हे श्रोत्यांसाठी कमी आणि सुरांसाठी जास्त. फुंकवाद्याचा सूर तापमानाबरोबर चढतो, दर अंशाला जवळपास 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). बाहेर 33 आणि हॉलात 24 अंश असेल तर 27 सेंटचा फरक, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाव भागापेक्षा जास्त. गिटारचं उलटं, गरम झाली की तार उतरते. दोघांनी बाहेरच्या व्हरांड्यात सूर लावला आणि आत आले, की भांडण ठरलेलं. पियानो तर पावसाळ्यात फुगतो, साउंडबोर्ड ओल शोषतो आणि सूर चढतो. खरा पियानो असेल तर जूनच्या पावसानंतर एकदा आणि हिवाळ्यात एकदा ट्यूनर बोलवा. ते परवडत नसेल तर 88 पट्ट्यांचा चांगला डिजिटल पियानो बरा. आणि पंखे बंद करा. पंख्याने नोटेशनचे कागद उडतात, माइकमध्ये वारा भरतो. तरीही प्रत्येक स्टँडला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून ठेवा.

आता संगीताकडे. ब्लूजचं आवर्तन 12 बारचं, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रा. बी फ्लॅटमध्ये धरा; पुढची नावं कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची. पहिले चार बार बी फ्लॅट सेव्हन, पुढचे दोन ई फ्लॅट सेव्हन, दोन परत बी फ्लॅट, नवव्याला एफ सेव्हन, दहाव्याला ई फ्लॅट, मग घरी, म्हणजे बी फ्लॅटवर. बाराव्या बारला पुन्हा एफ, कारण तो पुढच्या आवर्तनाच्या समेवर ढकलतो. आपल्या कानाला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकणारी गोष्ट गंधाराची. खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि गायक वर कोमल गंधार लावतो, कधी दोन्हींच्या मधे घसरतो. पेटीवाल्याला वाटेल, चुकलं. पण ते घर्षण हाच ब्लूजचा रंग आहे. श्रोत्यांना हे एका मिनिटात, पियानोवर दोन पट्ट्या दाबून दाखवा. त्यानंतर ते वेगळ्या कानाने ऐकतात.

गोंधळ होतो तो ब्लूजवाले आणि जॅझवाले एकत्र बसतात तेव्हा. जॅझमधला 12 बार वेगळा असतो. आठव्याला जी सेव्हन, नवव्याला सी मायनर, दहाव्याला एफ सेव्हन. आता दहाव्या बारला गिटारवाला साधा ई फ्लॅट वाजवतो आणि पियानोवाला एफ, दोघं एकमेकांवर आदळतात आणि मधे सापडलेला सॅक्सवाला दोष स्वतःला देतो. वाजवण्याआधी एकाने विचारायचं, "साधा की जॅझचा?" तेवढं पुरतं. पट्टीचंही तसंच. गिटारवाल्यांना ई आणि ए आवडतात, सॅक्स आणि ट्रम्पेटवाल्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. फुंकवाद्य मंचावर असेल तर त्यांची सोय आधी बघा.

मंचावर बोलता येत नाही, म्हणून खुणा. पट्टी सांगताना बोटं खाली म्हणजे पट्टीतले फ्लॅट (उतरलेले सूर) मोजायचे: एक बोट एफ, दोन बी फ्लॅट, तीन ई फ्लॅट. बोटं वर म्हणजे शार्प (चढलेले). डोक्यावर हात म्हणजे मूळ धून घ्या. गाणं चालू असताना चार बोटं म्हणजे ड्रमरशी चार-चार बारची सवाल-जवाबी. मूठ म्हणजे थांबा. शेवट सर्वात जास्त फसतो, कारण तो कुणी ठरवलेलाच नसतो. सोपा उपाय, शेवटचे चार बार तीनदा. तिहाई ऐकत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना ते लगेच कळतं.

सेट 45 मिनिटांचा, वीस मिनिटं मध्यंतर, दुसरा सेट तेवढाच, मग जॅम, म्हणजे आलेल्या कुणीही वादकाने मंचावर येऊन वाजवायचं. एका सेटला सहा गाणी पुरे. हिशेब असा: मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत 12 बारला 24 सेकंद लागतात. धून सुरुवातीला दोनदा आणि शेवटी दोनदा, मधे चौघांची तीन-तीन आवर्तनं, एकूण सोळा, म्हणजे साडेसहा मिनिटांच्या आत. तेच संथ, 60 च्या लयीत घेतलं तर दुप्पट. म्हणून संथ ब्लूजमध्ये प्रत्येकाला दोनच आवर्तनं. लय लावणाऱ्याने आकडे मोजण्याआधी धुनेतली सगळ्यात दाट जागा मनात गुणगुणायची. तसं न करता सुरू केलेली गाणी जवळजवळ नेहमी जलद सुटतात आणि दाट जागेत गळा दाबतात.

जॅमसाठी दाराशी वही ठेवा: नाव, वाद्य, गाणं, पट्टी. एकाला दोन गाणी. मंचावर एका वेळी तीनपेक्षा जास्त फुंकवाद्यं नकोत. बेस आणि ड्रम दोन्ही एकदम कधीच बदलू नका, एक जुना राहू द्या, तो लय धरून ठेवतो. नवशिक्या मुलीने वहीत नाव लिहिलं असेल तर तिला पहिल्या तिनांत घ्या, सव्वासातला सगळे उठताना नव्हे. आणि तिच्या सोलोनंतर टाळी पहिल्या रांगेतून यायला हवी, म्हणून पहिली रांग जाणत्यांसाठी राखा.

चहा-वडे फक्त मध्यंतरात, स्वयंपाकघरातला मिक्सर आणि कॉफी मशीन सेट चालू असताना बंद. कॉपीराइट असलेली गाणी वाजणार असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स घ्या. मध्यंतरात रेकॉर्ड लावायच्या तर ध्वनिमुद्रणाचं वेगळं लागतं. मानधनाचा आकडा बोलावतानाच ठरवा आणि जॅम सुरू होण्याआधी पाकिटं हातात द्या, कारण ड्रमरला साडेसातला कुलाब्यात किट लावायचं असतं आणि तो जॅम अर्ध्यावर टाकून निघतो. त्याच्या जागी कोण बसणार, ते दुपारी साउंडचेकलाच विचारून ठेवा.